लाल पेनानं तपासलेली तक्रार

माझ्याविरुद्ध आलेली तक्रार मी लाल पेनानं तपासली, खाली सही केली आणि परत दिली. मी हे मुद्दाम केलं असं नंतर सगळ्यांना वाटलं. मुद्दाम केलं नाही, एवढंच मला अजून खात्रीनं सांगता येतं. बाकी या प्रकरणात मला कशाचीच खात्री राहिलेली नाही.

तेहतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. कुणाचंही इंग्रजी समोर आलं की माझा हात आपोआप पेन शोधतो. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सूचना, काहीही मला नुसतं वाचता येत नाही. आमच्या लिफ्टमधल्या सूचनेत मी तीन चुका दुरुस्त केल्या होत्या, आणि त्याबद्दल चेअरमननी माझे आभार मानले नाहीत.

निवृत्त झाल्यावर घरात बसून यांच्या चहात चुका काढण्यापेक्षा बरं म्हणून मी बिबवेवाडीतल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले. क्लास चालवणारा माझाच जुना विद्यार्थी. दुपारी दोनची बॅच खास बायकांसाठी होती. नोकरीच्या मुलाखतीत गडबडू नये इतपत इंग्रजी शिकवायचं. निम्म्या बायका विदर्भातून नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्यात आलेल्या, बी.ए., बी.कॉम. झालेल्या, पण इंग्रजी म्हटलं की तोंडाला कुलूप.

माझी एक जुनी पद्धत आहे. शनिवारी चुकांचं वाचन. आठवड्याच्या वह्यांमधली निवडक वाक्यं मी मोठ्यानं वाचते आणि त्यांवर दोन शब्द बोलते. नाव मी कधीच घेत नाही. फक्त बघते. शाळेत मुलं शनिवारची वाट बघायची. आजही लक्ष्मी रोडवर कुणीतरी टक्कल पडलेला गृहस्थ मला थांबवतो आणि मी त्याला आठवीत काय बोलले होते ते शब्दन् शब्द म्हणून दाखवतो. मला त्याचा अभिमान होता. माणसं तीस वर्षांनी तुमची वाक्यं म्हणून दाखवतात, यापेक्षा शिक्षकाला आणखी काय हवं, असं मी म्हणायची.

तक्रार करणारी बाई वाशीमकडची. तिशीतली, दोन मुलींची आई, नवरा एका कारखान्यात कामाला. डोळ्यांच्या एका दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसून पेशंटची नावं नोंदवायची नोकरी होती, त्यासाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. अजून महिना हातात होता. ही नोकरी मिळाली तर मुलींना चांगल्या शाळेत घालायचं असं तिचं ठरलेलं. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि माझं प्रत्येक वाक्य उतरवून घ्यायची.

पहिल्या आठवड्यात मी 'माझं घर' या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. तिनं लिहिलं, 'आय हॅव टू डॉटर्स अँड वन गॅस.' दुसरा सिलिंडर अजून मिळालेला नाही हे तिला सांगायचं असावं. शनिवारी मी ते वाचलं, चष्मा खाली घेतला आणि म्हटलं, "अभिनंदन. सिलिंडरचं बारसं कधी केलंत आपण? आम्हाला बोलावलं नाहीत." वर्ग पोट धरधरून हसला. तीही हसली.

मग ती माझी आवडती झाली. आवडत्या विद्यार्थ्यालाच मी जास्त बोलते, हे माझे सगळे विद्यार्थी जाणतात. ती रोज दहा मिनिटं उशिरा यायची. मी म्हणायची, "या. आपल्यासाठीच आम्ही इंग्रजी भाषा थांबवून ठेवली होती." उत्तर द्यायला तिला वेळ लागायचा. मी म्हणायची, "सावकाश. इंग्रज परत येईपर्यंत वेळ आहे आपल्याकडे." चार शनिवार तिचीच वही वर आली. पाचव्या सोमवारी ती आली नाही, आणि मंगळवारी क्लासच्या मालकानं माझ्यासमोर एक कागद ठेवला.

क्लासला कसलीशी मान्यता मिळाली होती. मान्यतेच्या अटींप्रमाणे भिंतीवर एक तक्रारपेटी लावली होती आणि तिच्याखाली इंग्रजीत छापलेले फॉर्म ठेवले होते. आजवर त्या पेटीत एकानं उसाच्या रसाची पावती टाकली होती, बाकी काही नाही. फॉर्मवर पाच चौकोन होते: मिसबिहेविअर, इन्सल्ट, हरॅसमेंट, अब्यूज आणि अदर. समोरच्या कागदावर तिनं अब्यूजवर खूण केली होती. खाली माझी तिन्ही वाक्यं तिनं इंग्रजीत करून लिहिली होती, आणि शेवटी एक ओळ होती: मॅडम मला सगळ्यांसमोर ह्युमिलिएट करतात. तो शब्द मीच आधल्या आठवड्यात फळ्यावर लिहून दिला होता. स्पेलिंग बरोबर होतं.

मला आधी दिसलं ते एवढंच, की पोरीचं इंग्रजी सुधारलंय. मी पेन काढलं. दोन ठिकाणी काळ चुकला होता, तो नीट केला. 'अब्यूज'खाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'शब्द चुकीचा. अब्यूज म्हणजे शिवीगाळ किंवा छळ. इथे फार तर सार्कॅझम. अर्थच्छटांकडे लक्ष द्यावे.' खाली लिहिलं, 'प्रगती चांगली', आणि सही केली.

"बाई, हे काय केलंत?" मालक म्हणाला.

"तपासलं."

"ही तक्रार आहे, बाई. तुमच्याविरुद्ध."

"ते मला वाचता येतं. इंग्रजीतच आहे."

एरवी तो हसला असता. त्या दिवशी हसला नाही. आठ दिवसांत मी इंग्रजीत लेखी खुलासा द्यायचा असा नियम असल्याचं त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं. तिची मुलाखत पुढच्या बुधवारी आहे, हा सबंध आठवडा ती आली नाही तर तयारी कोण करून घेणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ती येणार नाही म्हणालीये."

घरी आल्यावर मी तिन्ही डिक्शनऱ्या काढल्या. त्यांतली एक कॉलेजात असताना बुधवार पेठेतून जुनी घेतलेली, तिला आता पाठच नाही. खुलासा लिहायचा तर आधी गुन्ह्याचं नाव ठरायला हवं, असा माझा साधा हिशेब होता. एका तासात काम होईल असं वाटलं होतं. तीन दिवस गेले.

रूड हा शब्द मी पहिल्यांदा बाद केला. रूड म्हणजे उद्धट, आणि मी तर अहो, आपण यांशिवाय बोलत नाही. इन्सल्टशी मात्र अडले. अपमान व्हायला तो करणाऱ्याच्या मनात असावा लागतो का? एका डिक्शनरीप्रमाणे असावा लागतो, दुसरी त्याबद्दल मूग गिळून बसलेली. हरॅस म्हणजे पुन्हा पुन्हा त्रास देणं. पुन्हा पुन्हा म्हणजे किती वेळा? मी चार शनिवार मोजले आणि ते पान उलटलं. टीजमध्ये माया आहे, तो मला पसंत पडला. पण टीज करताना समोरच्याला उलट बोलायची मुभा लागते, आणि माझ्या वर्गात ती कुणाला होती ते आठवेना. ह्युमिलिएट तर सगळाच समोरच्याच्या मनावर अवलंबून. दुसऱ्याच्या मनात काय झालं ते मी कशाच्या आधारावर खोडायचं?

इंग्रजीत जमेना म्हणून मराठीकडे वळले, तर तिथं आणखी गर्दी. थट्टा, चेष्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, खिल्ली, टोमणा, पाणउतारा. मी कागदावर दोन रकाने केले आणि शब्द वाटून टाकले. मग बघते तर थट्टा, चेष्टा आणि मस्करी हे माझ्या रकान्यात, आणि टिंगल-टवाळीपासून पुढचे सगळे दुसऱ्यांच्या. मी करते ती थट्टा आणि दुसरा करतो ती टवाळी. असं कुणी ठरवलं होतं ते मला सांगता येईना, आणि मी पहिल्यांदा थोडी घाबरले.

त्यात आणखी एक विचित्र गोष्ट. माझी वाक्यं तिच्या इंग्रजीत वाचली तर त्यांत वाईट काहीच नव्हतं. 'वुई हॅड केप्ट द इंग्लिश लँग्वेज वेटिंग ओन्ली फॉर यू.' केवढं अगत्य! एखाद्या पाहुण्याला म्हणावं तसं. माझ्या बोलण्यातलं जे काही होतं ते इंग्रजीत जाताना गळून पडलं होतं, आणि तिला ते वेगळ्या चौकोनात खूण करून सांगावं लागलं होतं. हे लक्षात आल्यावर मला तिची कीव आली. मग वाटलं, कीव कशाला, मी काय केलंय? मग पुन्हा डिक्शनरी.

हे गॅलरीत पेपर वाचत होते. मी विचारलं, "अहो, मी टोचून बोलते का?"

"कोणत्या सालापासूनचं सांगू?"

"चेष्टा नको. तुम्हाला कधी त्रास झाला?"

त्यांनी पेपर खाली घेतला. म्हणाले, "सवय होते गं," आणि पुन्हा पेपर वर धरला. हा होकार की नकार ते मी विचारलं नाही. मला विचारायचं धाडस झालं नाही, हे खरं.

शेवटी खुलासा लिहिला. अडीच पानं, सुवाच्य अक्षरात. माझा हेतू विनोदाचा होता, अपशब्द एकही नव्हता, आणि मुख्य म्हणजे तक्रारदार स्वतः सर्वांत जास्त हसत असे. हा मुद्दा मला बिनतोड वाटत होता. हसणाऱ्या माणसाचा छळ होतोय असं कुणाला दिसणार?

रविवारी संध्याकाळी मालकाचा फोन आला. तो म्हणाला, "बाई, ती आज तिच्या फॉर्मची कॉपी घेऊन गेली. नियमाप्रमाणे द्यावी लागते."

"कुठली कॉपी?"

"जी होती ती. तुम्ही तपासलेली."

"काही म्हणाली?"

"नाही. सगळं वाचलं. खालचं 'प्रगती चांगली' पण वाचलं. घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि गेली."

माझे कान तापले. वर्गात कुणी माझीच चूक मोठ्यानं वाचून दाखवावी तसं झालं. मी त्याच्याकडून तिचा पत्ता घेतला. बुधवारच्या आत तिची मुलाखतीची तयारी करून घ्यायची, तिच्याच घरी बसून, एवढं मी ठरवलं. माफी मागायची की नाही ते ठरलं नव्हतं. नोकरी मिळाली की बाकीचं आपोआप मिटेल असं मी स्वतःला सांगत होते.

ती खडकवासल्याच्या रस्त्याला राहत होती. सोमवारी मी निघाले. बिबवेवाडीहून स्वारगेट, तिथून दुसरी बस. दोन बस भरलेल्या, न थांबताच गेल्या. तिसरीत उभं राहायला जागा मिळाली. तिच्या स्टॉपवर उतरले तेव्हा घरातून निघून पावणेदोन तास झाले होते. मुलींना शाळेत पोचवून, स्वयंपाक उरकून ही बाई रोज असा प्रवास करून यायची, आणि दहाच मिनिटं उशीर व्हायचा. मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला. दार उघडल्यावर ती दचकली, पण लगेच पाणी आणलं, चहा टाकला. मुली शाळेत गेल्या होत्या.

"एवढ्या लांब कायले आल्या मॅडम?"

"बुधवारी मुलाखत आहे ना. तयारी करून घेते."

"ते झाली ना," ती म्हणाली. "त्याईचा फोन आला होता. तिथली एक बाई काम सोडून गेली, म्हनून आधीच बोलावलं. शुक्रवारी जाऊन आली मी."

"मग?"

तिनं चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला आणि खाली सतरंजीवर बसली. मी वर बसायला सांगितलं तरी बसली नाही. मग म्हणाली, "एक इचारू मॅडम? शब्द चुकला म्हनता तुमी. मंग बरोबर कोन्ता ते सांगा. फार्मवर पाचच होते. इन्सल्ट मले लहान वाटला. माझा बाप शिव्या देते घरात, गाईले देते, मले देते. त्या ऐकून आमी जेवतो अन् झोपतो, काही वाटत नाही. तुमी एक शिवी नाही देल्ली, आपन-आपन म्हनता. अन् मले घरी येऊन जेवन जात नव्हतं. मंग हे त्याच्याहून मोठंच असंन ना? मोठ्यात मोठा शब्द अब्यूज होता, म्हनून तो केला."

हे तर्कशास्त्र मला खोडता आलं नाही. तीन डिक्शनऱ्या आणि तीन दिवस फुकट. "मला माहीत नाही," मी म्हणाले. विद्यार्थ्यासमोर हे वाक्य मी बहुतेक पहिल्यांदाच बोलले असेन.

तरी सवय जात नाही. मी म्हणाले, "पण तुम्ही हसत होतात. सगळ्यांत जास्त तुम्हीच हसत होतात. मी बघत होते. मला वाटायचं, तुम्हाला मजा येतेय."

"हो, हासत होती ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सोसेना. "सारे हासत. मी नाही हासली असती तर अजून वाईट दिसलं असतं. मंग तेच लागून गेलं."

"काय लागून गेलं?"

"शुक्रवारी तीन लोक होते समोर. चांगले होते बिचारे. इथं काम कायले करायचं, असं इचारलं इंग्रजीत. मले उत्तर पाठ होतं. तुमीच लिहून देल्लं होतं, पाच ओळीचं. एक चूक नव्हती त्याच्यात. मी तोंड उघडलं अन् हासू आलं मले."

"हसू?"

"हासली. थांबेचना. ते म्हनले, पानी घ्या. पानी पेली, पुन्हा इचारलं, मी पुन्हा हासली. मंग एक बाई म्हने, तुमाले ह्या कामाचं काही गांभीर्य दिसत नाही." तिनं सतरंजीचा सुटलेला दोरा ओढला. "दुसऱ्याईनं हासायच्या आंधी आपन हासून घेतलं का कमी लागते, मॅडम. म्या बोलाचं म्हटलं का आता आंधी तेच होते."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. माझ्या पर्समध्ये खुलाशाची अडीच पानं होती. ती काढून तिला दाखवावीत असं येताना ठरवलं होतं, इंग्रजी कसं लिहावं याचा नमुना म्हणून. मला माझीच किळस आली.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "फार चुकलं."

ती घाईघाईनं उठली, माझ्या हातातला रिकामा कप घेतला. "असू द्या ना मॅडम, तसं काही नाही," ती म्हणाली आणि हसायला लागली. एका हातानं तोंड झाकून, मान खाली घालून, माझ्या वर्गात पहिल्या बाकावर हसायची तशीच. मी आजवर पस्तीस-चाळीस वर्षं माणसांना हसवलं, पण हसणाऱ्या माणसाकडे कधी नीट बघितलं नव्हतं. आता बघितलं, आणि मला तिथं बसवेना. मी तिचं मनगट धरलं.

"हसू नको गं," मी म्हणाले.